गप्प बसल्याचं बिल

आमचे हे बोलतात कमी, हे मी लग्न झाल्यापासून सगळ्या हमरापूरला सांगत आलेय. शेजारीपाजारी, रंगवाला, शाडूची पोती टाकणारा टेम्पोवाला, कुणालाच सोडलं नाय. जेवलात का विचारलं तर मान हलवणार. भाजी खारट झालीय का विचारलं तरी तीच मान, तशीच हलवणार, आता ह्यातून बाईमाणसाने काय समजायचं? त्याच माणसाने नव्व्याण्णव साली लंडनहून मला फोन केला, आणि त्या एका फोनचं असं बिल आलं की रोह्याचे कमळाकरभाऊ खुर्चीत बसले ते उठेनात. आणि खोटं नाय सांगत, त्या फोनवर आम्ही दोघं बोललो ते थोडंच. बाकीचं सगळं बिल गप्प बसल्याचं.

आमच्या गावात घराघरात गणपतीचे कारखाने. आमचाही हाय. घरापुढे मांडव, मांडवात फळ्या, फळ्यांवर ओळीने गणपती. साच्यातून मूर्ती काढायची, घासायची, अंगाला रंग द्यायचा, हे सगळं ह्यांचं काम. आखणी माझी. आखणी म्हणजे देवाचे डोळे काढणं. ते झाल्याशिवाय मूर्ती म्हणजे नुसती माती. सासऱ्यांनी शिकवलं मला, आणि त्यांचा एक नेम होता. आखणी चालू असली की कुणी बोलायचं नाय. रेडिओ बंद, हाका मारणं बंद. आपलं काढून झालं तरी तोंडाने सांगायचं नाय, कारण शेजारी दुसरा कुणी बुबुळ काढत असेल तर त्याचा हात दचकेल. ब्रश खाली ठेवायचा आणि मान वर करायची. सगळ्यांच्या माना वर झाल्या की मग एकाने म्हणायचं, "उघडला." त्याच्यानंतर चहा. मी तर हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा कोपराकडे सारून बसते. काम झालं की हात खाली सोडते, मग त्या आपसूक मनगटावर येतात.

ह्यांनी डोळे काढायचे का सोडले ते सांगायला पायजे, नायतर पुढचं कळायचं नाय. आमच्या लग्नाच्या वर्षी डोलवीच्या एका आळीचा मोठा गणपती ह्यांनी स्वतः आखला होता. घाई होती, रात्रभर जागरण झालेलं. सकाळी माणसं न्यायला आली आणि पाहतात तर देव तिरळा. एक डोळा हातातल्या मोदकावर, एक डोळा खाली उंदरावर. वेळ नव्हता म्हणून नेला तसाच. त्या दहा दिवसांत पेणपासून वडखळपर्यंत चर्चा. बाजारात गेले तर लोक विचारायचे, काय जगन, देव कुणाकडं बघतोय? माणसं हसून विसरली. हे नाय विसरले. त्यानंतर डोळ्याचा ब्रश ह्यांनी हातात धरला नाय तो नाय. कितीदा म्हटलं, अवो, एक छोटा तरी काढून बघा. मान हलवली, आणि ह्या वेळी कळलं की ती नाय म्हणून हलवलीय.

पेणला श्यामलाबाई राहतात. शाळेत बाई होत्या, रिटायर झाल्या. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आमचाच गणपती जातो. त्यांचा मुलगा ध्रुव लंडनला नोकरीला, आणि तिथल्या मराठी मंडळाचा गणपती करायचा म्हणून त्याने त्या वर्षी आमच्याकडे मागणी केली. आईकडे येतो तसाच पायजे, त्याच साच्यातला, आणि शाडूचा. आणि मूर्ती घेऊन येणारा माणूस पण पायजे, म्हणजे काही मोडलं तर तिथेच नीट करील. तिकीट मंडळ काढणार. आमचे हे आजपर्यंत मुंबईपलीकडे गेलेले नाय. पासपोर्टच्या फोटोत सुद्धा असे घाबरलेत, बघून दया येईल.

बाईंचे धाकटे भाऊ म्हणजे कमळाकरभाऊ. रोह्याला घर, धाटावच्या कारखान्यांत पाइपांची कंत्राटं घेतात. त्यांनी नवीन मोबाईल घेतला होता. तेव्हा मोबाईल म्हणजे केवढी अपूर्वाई. ते खिशातून काढायचे, टेबलावर ठेवायचे, परत खिशात घालायचे. ध्रुवच्या मंडळाचा गणपती आपल्याकडून जातोय म्हटल्यावर भाऊंना एवढा हुरूप आला की त्यांनी तो मोबाईलच ह्यांच्या हातात दिला. विमानतळावर चुकलास, ध्रुव भेटला नाही, तर दाबायचं आणि बोलायचं. एक नंबरचं बटण दाबून धरलं की थेट श्यामलाताईच्या घरी पेणला लागतो. रोमिंग चालू करून घेतलंय, जगात कुठेही चालतो, आणि महिन्याचं भाडं ठरलेलं असतं, बिनधास्त बोल. हे त्यांचे शब्द. माझ्यासमोर म्हणाले. ह्यांनी तो मोबाईल रुमालात गुंडाळून देवघरातल्या टाकासारखा आतल्या खिशात ठेवला.

जायच्या दिवशी मी फार कटकट केली. हंगाम तोंडावर, मांडवात गिऱ्हाइकांचे गणपती रंगाविना उभे, आणि हा माणूस चालला विमानात. खरं सांगायचं तर हंगामाचं मला काय नव्हतं. हमालीला पुतणे होते, रंगाला शेजारणी होत्या. माणूस डोळ्याआड जातोय ह्याचा राग येत होता आणि तो राग मी रंगाच्या डब्यांवर काढत होते. हे गेले. जाताना म्हणाले, "येतो गो." बस.

चतुर्थीला चार-पाच दिवस असतील. दुपारी जेवून उठले तोच पेणहून एक रिक्षावाला आला, म्हणाला श्यामलाबाईंनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय. वाटेत रिक्षावाल्याला शंभर गोष्टी विचारल्या, त्याला काय माहीत असणार! बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी हात धरला आणि सांगितलं, जगन सुखरूप आहे. मग बाकीचं सांगितलं. हॉल आजच ताब्यात मिळाला, तिकडे उजाडल्या उजाडल्या पेटी उघडली, मूर्ती अख्खी, कुठे टवका नाय. पण पावसाळी हवेत वार्निश नीट वाळलं नव्हतं, आणि आत भरलेला कापूस तोंडाला चिकटला होता. तो काढताना दोन्ही डोळे पुसले गेले. ध्रुव तिथल्या कुणा चित्रकाराला विचारतो म्हणाला, तर ह्यांनी चक्क तोंडाने नको म्हणून सांगितलं. कारखान्याचा देव, कारखान्यातलंच माणूस डोळे काढील.

"म्हणजे कोण काढील?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "तेच विचारायला तुला बोलावलंय. तो हॉलमध्ये एकटाच मूर्तीपुढे बसून आहे. ध्रुव ऑफिसला गेला. जाताना म्हणाला, जगनकाकांचा हात थरथरतोय."

मला एकदम त्यांचा तो डोलवीच्या गणपतीनंतरचा चेहरा आठवला. तेव्हा निदान घर होतं, मी होते, तोंड लपवायला मांडवाचा कोपरा होता. परक्या मुलखात, सगळ्या मंडळासमोर परत देव तिरळा झाला, तर हा माणूस मोडेल. नुसता डोळ्याचा ब्रश नाय, साचासुद्धा सोडील. मी ओळखते ना माझ्या माणसाला. मूर्ती दुसरी मिळेल, हे कुठून आणायचे?

बाईंनी आयएसडी लावायचा विचार केला, पण आधी रोह्याला भावाला विचारलं. भाऊ फोनवरून ओरडलेच म्हणे. ताई, तू इकडून लावशील तर दिवाळं निघेल. त्यालाच लावू दे मोबाईलवरून. त्याचं भाडं ठरलेलं आहे, कितीही बोलला तरी तेवढंच. मग बाईंनी ध्रुवच्या ऑफिसात तेवढ्यापुरता एक निरोप दिला, जगनला इकडे फोन लावायला सांग, आणि आम्ही फोनसमोर बसून राहिलो.

फोन वाजला. मी उचलला. पलीकडे नुसता श्वास.

"बोला," मी म्हटलं.

श्वासच. मग म्हणाले, "हात धीर धरत नाय."

एवढंच, पण मला सगळं समजलं. मी सांगायला लागले, पांढरा असा भरा, वरची कड अशी घ्या, नाकापासून इतकं अंतर सोडा. हे ऐकत होते का नाय कोण जाणे. मध्येच म्हणाले, "मैना, सांगून नाय व्हायचं. तू पण काढ. तू तिकडं काढतेयस हे कळलं का माझा हात चालेल."

आता ह्याला काय म्हणायचं? हजारो कोस लांब बसून माणूस म्हणतो शेजारी बस. पण मला वेड लागल्यासारखं झालं नाय. मला उलट बरं वाटलं. बाईंचा गणपती त्याच साच्यातला होता, रंगून झाला होता, डोळे तेवढे बाकी. मी ह्यांना म्हटलं, थांबा, अर्ध्या-पाऊण तासाने परत लावा. त्याच रिक्षाने हमरापूर गाठलं. देवाच्या तोंडावर रुमाल टाकला, मांडीवर घेतला, ब्रश आणि रंगाच्या वाट्या पदरात, आणि परत पेण. वाटेत खड्डा आला की रिक्षावाला स्वतःच "मोरया" म्हणत होता.

बाईंनी पाट मांडला, उजेडाकडे तोंड करून देव बसवला. बाईंची दुपारची झोपायची वेळ, त्या म्हणाल्या मी आत पडते, तुमचं चालू दे. फोन आला. मी रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला. ह्यांनी तिकडे मोबाईल कानाला लावून वरून मफलर बांधला होता, ध्रुवने नंतर सांगितलं. चार्जरची वायर भिंतीत, दुसरं टोक मफलरात. तो बिचारा म्हणाला, जगनकाका दाढदुखीच्या पेशंटसारखे दिसत होते.

आधी आम्ही बोलत बोलत काढलं. मी म्हणायची, पांढरा भरते, ते म्हणायचे, हं. मी म्हणायची, वरची कड, ते म्हणायचे, हं. एका बाजूला झालं, दुसऱ्या बाजूला झालं. मग बुबुळं आली. मी म्हटलं, "आता गप्प. मी उजवा घेते, तुम्ही पण उजवाच घ्या. घाई नाय. अख्खा दिवस हाय आपल्याकडे." बांगड्या कोपराकडे सारल्या. पलीकडून एक लांब श्वास आला, आणि मग तोही बंद झाला. बुबुळ काढताना श्वास धरायचा असतो.

अवो, एसटीडी बूथवर बोलायची सवय असलेली माणसं आम्ही. तिथे समोर लाल आकडे पळतात. आकडा पळाला की जीव पळतो. कुणी आजारी असलं तरी माणूस बरं हाय, ठेवतो, एवढंच बोलून बाहेर येतो. इथे समोर आकडेच नव्हते. बाईंच्या बैठकीत फक्त पंखा फिरत होता आणि देव माझ्याकडे बघायला लागला होता. पहिला डोळा झाला. दुसरा झाला. शेवटी पांढरा ठिपका ठेवला आणि दृष्टी आली. ब्रश खाली ठेवला, हात सोडला, मान वर केली.

पण फोनवर मान वर केलेली दिसते होय?

तेव्हा ध्यानात आलं. ह्यांचं झालंय का नाय ते मला कसं कळणार? आणि विचारायचं कसं? विचारलं आणि तेवढ्यात ह्यांचा ब्रश दुसऱ्या बुबुळावर असला तर? माझ्या आवाजाने हात सरकला तर परत तेच, एक डोळा मोदकावर, एक उंदरावर. नाय बाबा. मी रिसीव्हर घट्ट धरून बसले. झालं की तेच बोलतील, असं मनाशी म्हटलं, पण मग वाटलं, तेच कसे बोलतील? त्यांना वाटत असेल मी अजून काढतेय. नेम तो नेम. ते माझ्यासाठी गप्प, मी त्यांच्यासाठी गप्प.

मी आयुष्यात एवढा वेळ तोंड बंद ठेवलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा नाय. सुरुवातीला जीव नुसता तोंडाशी आला होता. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. त्यांचा श्वास यायचा, जायचा. मध्येच एखादी गाडी जायची, आपल्या गाड्यांसारखी नाय, हॉर्नच नाय वाजवायची. कुठेतरी पक्षी बोलत होता. एकदा त्यांनी नाक ओढलं. थंडी असणार तिकडे, आणि स्वेटर घातला नसणार, हे मला पेणमध्ये बसून समजलं. मला वाटलं, ही सगळी वर्षं मी ह्या माणसाला बोला बोला म्हणून पिडलं. असं बसून ऐकलं असतं तर केवढं ऐकू आलं असतं. माझ्या डोळ्याला पाणी आलं. पुसायला पदर उचलायचा तर बांगड्या वाजतील, म्हणून मी ते तसंच गालावरून खाली जाऊ दिलं. देव समोर बसून बघत होता.

ऊन पाटावरून सरकत पार दाराकडे गेलं. बाई झोपून उठल्या, चहा टाकला, कप घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून दचकल्या.

"अगं मैना, फोन अजून चालूच आहे?"

मी ओठांवर बोट ठेवलं, पण बाईंचा आवाज पलीकडे गेला होता. पलीकडून ह्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"उघडला का?" मी विचारलं.

"उघडला," हे म्हणाले. "सरळ हाय."

आणि फोन ठेवला. मी बाईंचा हात धरून रडले. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं देव बिघडला.

पुढे दहा दिवस मंडळाचा गणपती छान झाला. ध्रुवने फोटो पाठवला. मी तो भिंग लावून बघितला, असा नेमका सरळ, शांत, कुणी दारातून आत आलं की त्याच्याकडेच बघतोय असा डोळा. माझ्यापेक्षा चांगला. हे मी ह्यांना तोंडावर सांगितलं. ह्यांनी मान हलवली, पण मान हलवताना हसले. लंडनहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी एक जुना छोटा साचा काढला, माती दाबून एक गणपती केला, आणि मांडवात बसून स्वतः आखला. गिऱ्हाईक नाय, हंगाम नाय. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. मला वाटलं, झालं, जिंकलं सगळं.

नवरात्र आलं आणि बिल आलं. बिल रोह्याला गेलं, आमच्याकडे निरोप आला. श्यामलाबाई म्हणाल्या, कमळाकर फार चिडलाय, मला म्हणाला, माझ्या फोनवर लोकांनी संसार मांडला. ते ऐकून माझं डोकंच फिरलं. देताना बिनधास्त बोल म्हणणारे तुम्हीच ना? मी ह्यांना म्हटलं, चला रोह्याला, एकदा सोक्षमोक्ष लावू. हे उठले. आत गेले, मंडळाने बिदागीचं पाकीट दिलं होतं ते घेतलं, न उघडता, आणि खिशात घातलं. ते पाकीट घरावर नवीन कौलं घालायला ठेवलेलं. मी बघितलं आणि गप्प बसले. तोपर्यंत मला गप्प बसायची थोडी सवय झाली होती.

कमळाकरभाऊंच्या घरी गेलो तर ते खरंच खुर्चीत बसलेले, पुढ्यात बिल. पाणी मागवलं त्यांनी, रीत सोडली नाय. मग सांगायला लागले. कंपनीच्या ऑफिसात जाऊन भांडून आले होते. तिथल्या पोराने शांतपणे सांगितलं की साहेब, ठरलेलं भाडं आपल्या देशात, परदेशात मिनिटा-मिनिटाचे पैसे लागतात, तुम्ही केला तरी आणि तुम्हाला आला तरी. असं कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. म्हणजे सांगितलं असेल, बारीक अक्षरात. ते सगळं सांगून झाल्यावर त्यांनी बिलावर एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाकीचे फोन समजले. पोचलो, जेवलो. पण हा एक? हा एवढा? जगन, मी तुला इतकी वर्षं ओळखतो. तू एवढा वेळ बोललास तरी काय?"

ह्यांनी सांगितलं, "काय नाय."

"काय नाही म्हणजे?"

"काय नाय बोललो."

भाऊंचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं हा थट्टा करतोय. तेव्हा मी पुढे झाले. भांडायला आले होते, पण तोंड उघडलं तर भांडणच येईना. मी आखणीचा नेम सांगितला. ब्रश खाली ठेवायचा, मान वर करायची, दुसऱ्याचं होईपर्यंत बोलायचं नाय. आणि फोनवर मान दिसत नाय. ते तिकडे माझ्यासाठी गप्प, मी इकडे त्यांच्यासाठी गप्प. बाई चहा घेऊन आल्या नसत्या तर चतुर्थीपर्यंत तसेच बसलो असतो.

भाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग ह्यांच्याकडे. मग त्यांच्या खांद्यांना गदगदून हसू आलं. आधी आवाज नाय, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी. आतून वहिनी धावत आल्या. भाऊ बिल हातात धरून म्हणत होते, मी आयुष्यभर कंत्राटं केली, गप्प बसल्याचे एवढे पैसे कधी दिले नाही. आणि मग हसता हसता थांबले. म्हणाले, चूक माझी आहे, बिनधास्त बोल मीच म्हणालो होतो. नवीन वस्तू हातात आली की माणसाला वाटतं आपल्याला सगळं माहीत आहे.

ह्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. भाऊ नको म्हणाले. ह्यांनी पाकीट तसंच पुढे सरकवलं. असं दोनदा-तीनदा झालं. शेवटी भाऊंनी पाकीट उघडलं, आतले अर्धे आपल्याकडे घेतले आणि अर्धे परत ह्यांच्या खिशात कोंबले. म्हणाले, देवाचं काम होतं, अर्धं पुण्य मला पण पाहिजे. आणि उठता उठता म्हणाले, "जगन, ह्यातून आधी बायकोच्या हातात नवीन बांगड्या भर."

रोहा स्टँडवरून कोलाडमार्गे जाणारी एसटी मिळाली. गाडी रिकामीच होती. मला खिडकी दिली. मी बडबड चालू केली. भाऊ माणूस चांगला, कौलं पुढच्या वर्षी घालू, अर्ध्या पैशात निदान मांडवाचं प्लास्टिक येईल, बांगड्या कशाला, ह्या अजून चांगल्या हायत. हे ऐकत होते. खांबला गाडी थांबली, एक म्हातारा कोंबडी घेऊन चढला, गाडी परत सुटली. तेव्हा हे माझ्या हाताकडे बघत बोलले.

"बांगड्या वाजल्या होत्या."

मी म्हटलं, "कधी?"

"तेव्हा. फोनवर." बांगड्यांना बोट लावलं. "तुझं झालं, तू हात खाली सोडलास. मला ऐकू आलं. माझा ठिपका राहिला होता, तो ठेवला. मग माझं पण झालं."

मला क्षणभर समजलंच नाय. मग समजलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? माझं झालंय, तुमचं झालंय, तरी एवढा वेळ? अवो, बोलला का नाय मग?"

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. भातं पिवळी पडायला आली होती. मला वाटलं, झालं, आता मान हलवतील आणि विषय संपवतील. पण नाय.

"बोललो असतो तर तू फोन ठेवला असतास," ते म्हणाले. "आठ दिवस झाले होते मला घर सोडून. तू तिथं बसलेलीस, तुझा श्वास येत होता. मांडवात बसल्यासारखं वाटलं गो. म्हटलं, बसू दे."

मी काय काय बोलणार होते. केवढं बिल, कौलं गेली, भाऊंपुढे मी दोघांची बाजू मांडली आणि तुम्ही तिथे मान खाली घालून बसलात, हे सगळं जिभेवर आलं होतं. ह्यांचा हात माझ्या हाताशेजारी सीटवर होता. नखांत अजून काळा रंग.

मी दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सारल्या. आणि पेणचा स्टँड येईपर्यंत खाली सोडल्या नाय.